रोझीना सालिबाचे पाहुणे

रोझीना सालिबा नेमकं काय काम करते, हे तिच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. मेलबर्नच्या सेंट अल्बन्स उपनगरातल्या क्लबात लाकडी चेंडू खेळताना ते मित्रांना सांगायचे, "आमची धाकटी दवाखान्यात गाई सांभाळते." त्यात त्यांची फार चूकही नव्हती. माल्टाहून बोटीने हे कुटुंब मेलबर्नला आलं तेव्हा रोझीना आईच्या कडेवर होती. पुढे शिकून तिला पहिली नोकरी लागली ती वेरिबीला, गुरांच्या संशोधन केंद्रात. चांगल्या दुभत्या गाईचे भ्रूण काढायचे आणि दुसऱ्या साध्या गाईच्या पोटात वाढवायला ठेवायचे, असं तिथलं काम. मग मेलबर्नमध्ये माणसांची टेस्ट ट्यूब बाळं जन्माला यायला लागली, आणि ज्यांचा हात गाईंवर बसला होता त्यांना डॉक्टरांनी बोलावून घेतलं. त्यांत रोझीनाही होती. वडिलांना तिने हा बदल सांगितला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता दूध कोण काढतं?"

तेव्हापासून ती त्याच दवाखान्यात. केस पिकले, चष्मा लागला, गुडघे बोलायला लागले, पण सकाळचा क्रम बदलला नाही. सगळ्यांच्या आधी यायचं, बूट काढून पांढऱ्या सपाता घालायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि इनक्युबेटरच्या काचेपाशी वाकून माल्टीज भाषेत म्हणायचं, "काय पाहुणे, झोप लागली का?"

नव्या मुली हसायच्या. त्यांच्यातली एखादी भ्रूणांना 'सॅम्पल' म्हणाली की रोझीना चष्म्यावरून बघायची.

"सॅम्पल गालिच्याच्या दुकानात मिळतं, पोरी."

"मग काय म्हणू? बाळं?"

"अजिबात नाही. बाळ म्हणशील आणि उद्या वाढ थांबली तर रडत बसशील. पाहुणे म्हण. येतात, थोडे थांबतात. कुणी पुढे जातं, कुणी नाही जात. आपण नीट वागवायचं."

हे उत्तर शास्त्राचंही नव्हतं आणि चर्चचंही नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. चर्चचं म्हणणं तिला चांगलं ठाऊक होतं. फादर आन्जलू यांनी तिला तरुणपणीच सांगितलं होतं, की हे काम सोड. ती सोडत नाही म्हटल्यावर ते दोन पावसाळे तिच्याशी तुटक बोलले. पण रोझीनाचं भांडण झालं ते फादरशी, देवाशी कधी झालं नाही. दर रविवारी ती शेवटच्या बाकावर बसायची. प्रभूभोजनाची रांग लागली की उठायची नाही, हात जोडून तिथेच डोळे मिटायची. लोकांना सवय झाली, फादरांनाही झाली.

तिची थोरली बहीण विक्तोरिन मात्र पहिल्या बाकावरची. नवरा गेल्यापासून विक्तोरिन मिफ्सूद एकटीच पास्तित्सीचं दुकान चालवायची. रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण भरलेल्या त्या खुसखुशीत करंज्या अख्ख्या सेंट अल्बन्सला तिच्याच हातच्या लागायच्या. बोलायला फटकळ, पण प्रेमळही तेवढीच. तिला एकुलती एक मुलगी, ग्राझिएला. बाप्तिस्म्याच्या वेळी ग्राझिएलाला हातावर धरलं होतं रोझीनाने, म्हणजे ती मावशीही आणि धर्ममाताही. रोझीनाने लग्न केलं नाही, त्यामुळे तिची सगळी माया त्या एका पोरीवर.

ग्राझिएलाने ब्रेंडन नावाच्या शाळामास्तराशी लग्न केलं. मूल राहीना. राहिलं ते तिसऱ्या महिन्यात गेलं. पुन्हा राहिलं, पुन्हा गेलं. शेवटी मावशीच्याच दवाखान्यात उपचार झाले. अर्थात मावशीने हात लावला नाही, कारण तिथला नियमच तसा: नात्यातलं नाव दिसलं की 'माझ्या ओळखीची आहे' एवढंच म्हणायचं आणि खोलीबाहेर पडायचं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. लुका जन्मला. बाळंतपणात ग्राझिएलाचा रक्तदाब असा चढला, की विक्तोरिन दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. पोरगी वाचली, बाळ वाचलं. आणि दोन भ्रूण गोठवलेले शिल्लक राहिले.

हे दोन म्हणजे विक्तोरिनचा सगळा जीव. चर्चमध्ये दर रविवारी ती त्यांच्यासाठी दोन मेणबत्त्या लावायची. नुसत्या लावायची नाही, नावंही ठेवली होती. एकाचं जॉर्ज, नवऱ्याचं नाव. दुसरीचं नीना.

"अगं, मुलगा की मुलगी ते तुला काय माहीत?" रोझीना म्हणायची.

"तुझ्या दुर्बिणीला माहीत नाही म्हणून मला माहीत नसावं की काय!" विक्तोरिन म्हणायची. "सांग त्यांना, नान्ना आजीने नमस्कार सांगितलाय. थंडी वाजत नाही ना?"

रोझीना हसून सोडून द्यायची. शेजारून जाणारी ग्राझिएला हसायची नाही. पण ते तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

लुका शाळेत जायला लागला त्या वर्षी दवाखान्याच्या तळमजल्यावर संशोधनाचं नवं काम सुरू झालं. मिरेला कोवाच नावाची शास्त्रज्ञ बाई ते बघायची. केस कसेही बांधलेले, जेवण उभ्या उभ्या. गर्भ आईच्या पोटाच्या अस्तराला चिकटतो त्या सुमाराला इतक्यांची वाढ का थांबते, हा तिचा प्रश्न. त्यासाठी ज्या जोडप्यांना आता मूल नको आहे आणि ज्यांनी आपले उरलेले भ्रूण संशोधनाला द्यायला समजून-उमजून होकार दिला आहे, त्यांचेच भ्रूण वापरायचे. वर सरकारी परवाना, दवाखान्याची नीतिसमिती, आणि होकार देणाऱ्यांना फेरविचाराची मुदत. काम सुरू होईपर्यंत कधीही 'नको' म्हणता येतं, आणि कुणी 'का' म्हणून विचारत नाही.

वरच्या मजल्यावरच्या अतिथंड टाकीतून गोठवलेल्या भ्रूणांच्या नळ्या काढून खाली द्यायचं काम रोझीना आणि थुई यांच्याकडे आलं. थुई व्हिएतनामची, रोझीनाची जुनी सहकारी. तिथे कुठलंही काम एकटीने करायचं नाही. एकीने नळीवरचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसरीने हातातल्या कागदाशी ताडून 'बरोबर' म्हणायचं, मगच नळी हलवायची.

त्या मंगळवारी रोझीनाने टाकीचं झाकण उघडलं. पांढरी वाफ खाली पायांवर सांडली. चिमट्याने तिने नळी वर घेतली आणि वाचायला तोंड उघडलं.

ग्राझिएला मिफ्सूद.

 शेजारच्या नळीवरही तेच नाव. तिने दोन्ही झटकन परत थंडाव्यात बुडवल्या.

"काय झालं?" थुई म्हणाली.

आता 'माझ्या ओळखीची आहे' म्हणून बाहेर जायचं, दुसरी कुणीतरी येईल, काम होईल. इतकं साधं होतं. नव्या मुलींना हा नियम शिकवायची तीच. पण बाहेर गेलं तर काम होईल, हेच तिला नको होतं. डोळ्यांपुढे विक्तोरिनच्या दोन मेणबत्त्या आल्या. पोरीला कुणी भरीला घातलं असेल, ब्रेंडनने घातलं असेल, दुःखात सही केली असेल, असं काहीबाही मनात आलं.

"लेबल धड वाचता येत नाही," ती म्हणाली. "आज राहू दे. नीट तपासून पुढच्या आठवड्यात बघू."

थुईने तिच्याकडे पाहिलं. रोझीनाला लेबल वाचता येत नाही, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. पण रोझीनाचा शब्द म्हणजे शब्द. तिने मान हलवली. रोझीनाने झाकण लावलं, आणि त्या दिवशी दुपारी डबा न उघडताच घरी नेला.

रविवारी सगळे विक्तोरिनकडे जेवायला. भट्टीतली मॅकरोनी, भाजलेलं कोकरू, ब्रेंडनचे फुटबॉलवरचे वाद. जेवण झाल्यावर ग्राझिएला मागच्या अंगणात कपडे काढायला गेली, तशी रोझीनाही चिमटे गोळा करायला म्हणून तिच्या मागे गेली.

"बरी आहेस ना गं?"

"बरी आहे की. का?"

"नाही, सहज. ब्रेंडन वागवतो ना नीट?"

"मावशी, काय झालंय?"

"काही नाही. म्हटलं, कुणी काही करायला सांगितलं असेल, आणि तुला मनातून नको असेल, तर माणसाला नाही म्हणता येतं. केव्हाही. एवढंच."

ग्राझिएलाच्या हातात लुकाचा सदरा होता. तो तसाच राहिला. पोरगी हुशार. सगळं तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं.

"तू माझं नाव बघितलंस."

रोझीनाने हातातले चिमटे टोपलीत टाकले.

"नाव बघून बाहेर जायचं असतं ना तुमच्यात? गेलीस?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"पुढे ढकललं."

"कुणाला विचारून?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! आईला वाटतं, फादरांना वाटतं, आता तुलाही वाटायला लागलं. मला काय वाटतं ते कुणी विचारणार आहे का?" तिचा आवाज चढला. "दरवर्षी तुमच्या दवाखान्यातून फोन येतो, ठेवायचे का म्हणून. दरवर्षी मी हो म्हणते आणि दिवसभर कामात लक्ष लागत नाही. पुन्हा गरोदर राहिले तर मी वाचणार नाही, डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय. दुसऱ्या कुणाला द्यावेत, तर उद्या लुकाचंच भावंड त्याच्याच शाळेत यायचं आणि मला ओळखूही येणार नाही, तेवढं काळीज नाही माझं. नुसतं काढून ठेवा आणि संपू द्या, असं म्हणवत नाही. माझे आधीचे दोन का गेले, मावशी? आहे उत्तर तुझ्याकडे?"

"नाही गं."

"कुणाकडेच नाही. मग ज्या बाईला ते शोधायचंय तिच्या हाती का नको? मी वर्षभर विचार करून हो म्हटलंय. ब्रेंडन उलट राहू दे म्हणत होता. आणि तू मला न विचारता..." ती थांबली. मग वळून तिने घराकडे हाक मारली, "आई! जरा बाहेर ये. मावशीला कळलंय, आता तुलाही कळू दे."

विक्तोरिन फडक्याला हात पुसत बाहेर आली. ग्राझिएलाने दोन वाक्यांत सांगितलं. विक्तोरिन लिंबाच्या झाडाला धरून उभी राहिली.

"जॉर्ज आणि नीना?" ती म्हणाली.

"ती नावं तू ठेवलीस, आई. मी नाही ठेवली."

"म्हणून काय त्यांना चिरायला द्यायचं?"

"चिरत नाहीत."

"मग काय, मांडीवर घेऊन खेळवतात?"

"विक्तोरिन..." रोझीना मध्ये पडली.

"तू बोलूच नकोस! नाही, बोल. टाकीची किल्ली तुझ्याकडे असते ना? एकदा थांबवलंस, चांगलं केलंस. आता कायमचं थांबव."

ग्राझिएलाने कपड्यांची टोपली उचलली आणि आत गेली. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. लुका मागच्या काचेतून हात हलवत होता. विक्तोरिनने हात वर केला, पण हलवला नाही.

घरी जाताना रोझीना बसमधून एक थांबा आधीच उतरली आणि चालत गेली. बहिणीने तिला शाबासकी दिली होती, आणि ती शाबासकी तिला टोचत होती. आपण पोरीला सांभाळतोय असं तिला वाटलं होतं. खरं तर पोरीने वर्षभर रडून घेतलेला निर्णय आपण चिमट्याने उचलून परत टाकीत बुडवला, एवढंच झालं होतं. असंख्य बायांच्या बाबतीत तिने असा विचारही केला नसता. त्यांचा होकार तो होकार, त्यांचा नकार तो नकार. जिच्यावर सगळ्यात जास्त माया, तिच्याच बाबतीत तिचा शब्द तिला पुरेसा वाटला नाही. घरी पोचून तिने क्रूसासमोर हात जोडले आणि काहीच मागितलं नाही. फक्त म्हणाली, "चुकलं."

सोमवारी सकाळी ती प्रमुखांच्या खोलीत गेली. इसोबेल ट्रेलोर वयाने तिच्याहून लहान, पण कडक.

"लेबल वाचता येत होतं," रोझीना उभ्यानेच म्हणाली. "नाव माझ्या भाचीचं होतं. मी खोटं बोलले."

इसोबेलने पेन खाली ठेवलं. "बस आधी, रोझ."

"बसले तर सांगता यायचं नाही."

तिने सगळं सांगितलं, रविवारच्या अंगणासकट. इसोबेल उठून दार लावून आली.

"तुला ठाऊक आहे मला काय करावं लागेल."

"आहे. म्हणून तर आले."

"समितीला कळवावं लागेल. तुझ्या भाचीची माफी मागावी लागेल, दवाखान्याने. तिला सगळं सांगून नव्याने विचारावं लागेल. आणि तळमजल्याचं काम तुझ्याकडे राहणार नाही."

"बरोबर आहे."

"नोकरी जाणार नाही बहुतेक," इसोबेल म्हणाली, आणि मग जरा मऊ आवाजात, "पण तू? तुलाच असं करावंसं वाटलं, म्हणजे बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांना माझी बहीण नाही," रोझीना म्हणाली. इसोबेलला हसू आलं, ते तिने लगेच आवरलं.

थुई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने रोझीनाच्या टेबलावर संत्रं सोलून ठेवलं. "मला सांगितलं असतंस तर मी तुला ढकलून बाहेर काढलं असतं," एवढंच म्हणाली.

विक्तोरिनला मात्र रोझीनाने फोनवर सांगितलं, की मी थांबवणार नाही, जे थांबवलं होतं तेही कबूल करून आले. पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. त्यानंतर दुकानात गेलं तरी विक्तोरिन मदतनीस बाईला सांगायची, "त्या गिऱ्हाइकाला काय हवंय विचार." सख्ख्या बहिणीला! रोझीना वाटाण्याच्या पास्तित्सी घेऊन मुकाट परत यायची. चवीत फरक नव्हता, पण सारण मात्र तिच्या वाट्याला कमी आलंय असं तिला वाटायचं. ग्राझिएलानेही आईकडे येणं सोडलं होतं.

असे काही आठवडे गेले. एका संध्याकाळी रोझीना झाडांना पाणी घालत होती, तेव्हा फाटक वाजलं. विक्तोरिन. हातात पिशवी नाही, डबा नाही. ती अशी रिकाम्या हाताने कधीच कुणाकडे जात नसे.

"चहा टाक," ती म्हणाली. "आणि मला खरं खरं सांग. गोड करून नाही."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या.

"दुखतं का त्यांना?"

"नाही. दुखायला नसा लागतात. तिथे अजून नस नाही, मेंदू नाही. पाठीच्या कण्याची पहिली रेघ उमटायच्या सुमाराला थांबावंच लागतं. चौदा दिवसांच्या पुढे कायदा जाऊ देत नाही."

"कायद्याला काय कळतं!"

"फारसं नाही. पण कुठेतरी रेघ ओढावी लागते. ओढताना माणसं खूप भांडली. डॉक्टर, वकील, फादर, सगळेच. अजूनही भांडतात."

"दिसायला कसे असतात?"

"लहान. सुईच्या टोकाएवढेसुद्धा धड नाहीत. दुर्बिणीखाली बघितलं तर दवाच्या थेंबासारखे, आत दाणे दाणे. सुंदर असतात, विक्तोरिन."

विक्तोरिनने कपात बघत विचारलं, "आणि ते काय असतात? माणूस की नाही? तू एवढी वर्षं बघतेस. तू सांग."

रोझीनाला इतकी वर्षं हा प्रश्न फादरांनी विचारला होता, वर्तमानपत्रवाल्यांनी विचारला होता, पण त्या सगळ्यांकडे आपापलं उत्तर तयार असायचं. विक्तोरिन खरंच विचारत होती.

"मला माहीत नाही," रोझीना म्हणाली. "वस्तू नाहीत, एवढं माहीत आहे. लुकासारखे नाहीत, हेही माहीत आहे. मधलं काय ते देवाला ठाऊक. म्हणून मी हात धुते आणि हळू बोलते."

"म्हणजे तुलाही भीती वाटते."

"रोज."

विक्तोरिनने मोठा श्वास सोडला. "मला वाटायचं, तुला काहीच वाटत नाही. पांढरा कोट घातला की आत सगळं बंद होत असेल." तिने कप बाजूला सारला. "ती खालची बाई. तिला वाटते भीती?"

"मिरेला? तिला विचारलं नाही कधी. पण एकदा एकाची वाढ मध्येच थांबली तेव्हा ती जिन्यात बसली होती एकटी."

"पोरंबाळं आहेत तिला?"

"माहीत नाही."

"जेवते का वेळेवर?"

"अजिबात नाही. उभ्यानेच काहीतरी चघळते."

"मग हात थरथरणार नाहीत तर काय होईल!" विक्तोरिन एकदम चिडून म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. "ग्राझिएलाला नव्याने विचारलं ना? काय म्हणाली ती?"

"मला ते आता कळवत नाहीत, आणि कळलं तरी सांगता येत नाही. तिलाच विचार."

"विचारलं. कालच फोन केला. हो म्हणाली. म्हटली, आई, तुझ्याविरुद्ध नाही गं, माझ्यासाठी." विक्तोरिनने पदराने पुसावं तसं ॲप्रनच्या टोकाने तोंड पुसलं. दुकानातून ती ॲप्रन न काढताच आली होती. "मला पटत नाही, रोझीना. मरेपर्यंत पटणार नाही. पण पोरगी माझी आहे. तिने जे दिलं ते वाया जाऊ नये, एवढं तरी मला मागता येईल ना?"

"कुणाकडे?"

"तुझ्या समितीकडे नाही, वेडे!"

दुसऱ्या दिवशी विक्तोरिन चर्चच्या कार्यालयात गेली. रविवारची मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, कुणासाठी तरी अर्पण करायची असली, की तिथे नाव द्यायचं आणि फादर ते वेदीवरून वाचायचे, ही तिथली रीत. कार्यालयातल्या बाई जन्माच्या कामसू.

"कुणासाठी? मृत की आजारी?"

"दोन्ही नाही."

"मग लग्नाचा वाढदिवस?"

"माझा नवरा जाऊन किती वर्षं झाली! मी सांगते तसं लिही."

बाईंनी लिहिलं, परत वाचलं, आणि फादरांना विचारून येते म्हणून आत गेल्या. आत बराच वेळ गेला. फादर आन्जलू आता म्हातारे झाले होते, काठी टेकत स्वतःच बाहेर आले. त्यांनी विक्तोरिनकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"तुला ठाऊक आहे ना विक्तोरिन, मला हे काम मान्य नाही?"

"मला तरी कुठे मान्य आहे, फादर? मान्य असतं तर प्रार्थना कशाला लागली असती?"

फादरांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. रोझीना शेवटच्या बाकावर. ग्राझिएला, ब्रेंडन आणि लुका मध्ये कुठेतरी, आईपासून लांब. पहिल्या बाकावर विक्तोरिन एकटी, शेजारी तिची पर्स. तळमजल्यावरचं ते काम होऊन गेलंय की अजून व्हायचंय, हे रोझीनाला माहीत नव्हतं. तिने थुईला विचारलं नव्हतं आणि थुईने सांगितलं नव्हतं. पुढेही तिला ते कधी कळलं नाही.

फादरांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "आजची मिस्सा विक्तोरिन मिफ्सूद यांच्या विनंतीवरून, जे सूक्ष्मदर्शकापाशी बसून काम करतात त्यांच्यासाठी. त्यांचे हात स्थिर राहोत, त्यांना जे शोधायचं आहे ते सापडो, आणि त्यांना घाईत जेवावं न लागो."

शेवटचं वाक्य वाचताना ते जरा अडखळले, पण गाळलं नाही.

मधल्या बाकांवर कुजबुज झाली. "विक्तोरिनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे वाटतं," एक म्हातारी दुसरीला म्हणाली. "बाई गं, मला बोलली नाही!"

ग्राझिएला उठली. लुकाचा हात धरून ती मधल्या वाटेने पुढे चालत गेली, सगळ्यांच्या देखत, आणि पहिल्या बाकापाशी थांबली. विक्तोरिनने वळून पाहिलं नाही. तिने शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जागा करायला थोडी सरकली.